वाचलेली आणि न वाचलेली

सोमवार, दिनांक सत्तावीस मार्च, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. शाखा ग्रंथालयाच्या मांडण्यांवर त्या क्षणी एक हजार आठशे चौऱ्याहत्तर पुस्तके होती, आणि त्यांतले एकही तिथे असायला नको होते.

ग्रंथपालांनी दार लोटले तेव्हा आधी वास आला. ओल्या पुठ्ठ्याचा आणि सुटलेल्या खळीचा तो वास गेले तीन आठवडे त्यांच्या सदऱ्यात मुरला होता, त्यामुळे तो ओळखायला दिवा लावण्याची गरज नव्हती. तरी त्यांनी दिवा लावला. समोर, नव्याने रंगवलेल्या भिंतींना टेकून, पाणी पिऊन टम्म फुगलेली, कणे उसवलेली, पाने वेडीवाकडी झालेली पुस्तके सरळ रांगेत उभी होती. रुसलेल्या नातेवाइकांना कोणीतरी दटावून छायाचित्रासाठी उभे करावे, तशी. प्रवेशाच्या खोलीत मात्र, जिथे सुस्थितीतल्या पुस्तकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे छातीइतके रचलेले होते, तिथे मोकळी फरशी होती. एवढेच नव्हे, फरशी झाडूनही काढलेली होती. ग्रंथपालांचा खरा संताप त्या झाडलेल्या फरशीने झाला. वेंधळेपणा माणूस समजू शकतो. पण व्यवस्थित, मन लावून, शेवटी केर काढून केलेला घोटाळा सहन होत नाही.

घडले होते ते असे. ग्रंथालयाच्या वर दातांचा दवाखाना होता. महिन्याच्या सुरुवातीला एका शनिवारी तिथली पाण्याची नळी फुटली, आणि सोमवारी दार उघडेपर्यंत दोन रात्री आणि एक दिवस पाणी छतातून शांतपणे झिरपत राहिले. दंतवैद्य खाली येऊन दिलगिरी व्यक्त करून गेले. जाताना त्यांनी ग्रंथपालांच्या डाव्या दाढेबद्दलही काळजी व्यक्त केली. मग तीन आठवडे ग्रंथपाल एकेक पुस्तक हातात घेऊन तपासत होते. त्यांनी तीन कसोट्या ठरवल्या होत्या: पुठ्ठा, शिवण आणि पान. तिन्हींत उतरले तर पुस्तक ठेवायचे. एकीत जरी नापास झाले तरी रद्दीत. अशा कामात दयामाया दाखवली की बुरशी सगळ्या मांडणीवर चढते, हे त्यांचे मत होते आणि ते चुकीचे नव्हते.

मुख्य कार्यालयाने दूरध्वनीवरून एकच वाक्य ऐकवले होते. मांडणीवर वापरण्याजोगी किमान तीन हजार पुस्तके असतील तर शाखा राहील. नसतील तर त्या खोलीत फक्त वर्तमानपत्रे ठेवली जातील, उरलेली पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाच्या तळघरात जातील आणि ग्रंथपालही त्यांच्यामागोमाग तळघरात जातील. तपासनीसबाई मंगळवारी दुपारी दोन वाजता येऊन मोजणार होत्या. ग्रंथपालांकडे तीन हजार एकशे सतरा चांगली पुस्तके होती. म्हणजे काळजीचे कारण नव्हते.

कारण निर्माण झाले ते रविवारी. त्या दिवशी मुख्य कार्यालयाने सर्व शाखांच्या ग्रंथपालांना सक्तीच्या प्रशिक्षणाला बोलावले. विषय होता ‘स्पष्ट आणि सुलभ संवाद’. ग्रंथपालांच्या बायकोचा धाकटा भाऊ टेंपो चालवी. तो आपणहून म्हणाला, “दाजी, तुम्ही निर्धास्त जा. खराब माल रद्दीवाल्याकडे टाकतो, चांगला माल मांडणीवर चढवून ठेवतो. तुम्ही सोमवारी येऊन नुसतं क्रमाने लावा.” ग्रंथपालांनी जाण्यापूर्वी दोन्ही ढिगांवर ठळक चिठ्ठ्या लावल्या. अक्षर छापल्यासारखे, शिरोरेषा पट्टी ठेवून ओढलेली.

या अक्षराबद्दल आणि त्यामागच्या शिस्तीबद्दल वाचकांनी त्यांचे नाव ‘कानामात्रा’ ठेवले होते. एकदा एका वाचकाने त्यांच्याविरुद्ध तक्रार अर्ज दिला, तेव्हा त्यांनी तो तीन ठिकाणी लाल शाईने खुणा करून परत केला होता आणि खाली लिहिले होते, ‘दुरुस्त करून पुन्हा सादर करावा.’ असा माणूस चिठ्ठीत चूक करील हे संभवत नव्हते. आणि त्यांनी चूक केलीही नव्हती. एका ढिगावर लिहिले होते ‘वाचलेली’, दुसऱ्यावर ‘न वाचलेली’. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, सगळे जागच्या जागी.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

“काम फत्ते, दाजी!” तिकडून आवाज आला. “बघितलंत ना? झाडूसुद्धा मारला.”

“तू काय नेलंस?”

“न्यायचं ते नेलं. दोन खेपा झाल्या.”

“न्यायचं होतं ते कुठलं?”

“चिठ्ठी होती की. वाचलेली. ती नेली रद्दीत. न वाचलेली लावली मांडणीवर.”

ग्रंथपाल शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. “का?”

“का म्हणजे? वाचून झालेली पुस्तकं ठेवून काय करायची? ज्यांनी वाचली त्यांनी वाचली. न वाचलेली ठेवली, म्हणजे आता लोक ती वाचतील.”

“अरे गृहस्था, वाचलेली म्हणजे पाण्यातून वाचलेली! जी बचावली ती! आणि न वाचलेली म्हणजे जी वाचली नाहीत ती. गेली. संपली.”

तिकडे टेंपोचे इंजिन बंद झाले.

“दाजी, एक सांगू? हेच तुम्ही दवाखान्यात लिहिलं असतंत तर मी बरोबर समजलो असतो. ग्रंथालयात ‘वाचलेली’ लिहिल्यावर माणूस दुसरं काय समजणार?”

“हाताला ओली लागली नाहीत?”

“लागली ना. म्हटलं, ताजी असतील. छापून नुकतीच आली असतील.”

“आणि ती दुसरी, कोरडी, धड, स्वच्छ पुस्तकं रद्दीत टाकताना तुला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं. देवाशपथ वाटलं. पण तुम्हाला काही उलट विचारलं की आधी व्याकरण निघतं. म्हटलं, कशाला!”

आपण ज्याला शिस्त म्हणतो त्याची दहशत बसते आणि दहशत बसली की लोक प्रश्न विचारायचे सोडून देतात, हे आदल्याच दिवशी प्रशिक्षणात एका बाईंनी पडद्यावर रंगीत बाण काढून समजावले होते. तेव्हा ग्रंथपालांनी बाणाखालच्या ओळीतली एक वेलांटी चुकल्याचे निदर्शनास आणून दिले होते.

“टेंपो घेऊन ये,” ते म्हणाले. “आत्ता.”

रद्दीच्या वखारीकडे जाताना बायकोचा फोन आला. भावाने तिला आधीच कळवले असणार, कारण सुरुवातच तिथून झाली.

“त्याला ओरडू नका हं. तो भल्यासाठी करायला गेला.”

“मी ओरडत नाहीये.”

“माहीत आहे मला. तुम्ही ओरडत नाही, तुम्ही समजावून सांगता. त्यापेक्षा ओरडा, लवकर संपतं.”

गाडी चालवणारा मेहुणा समोर बघत राहिला. पण हसू दाबताना त्याचे कान हललेले ग्रंथपालांना दिसले.

वखारीचा मालक, रद्दीवाला, दाबयंत्राशेजारी खुर्ची टाकून बसला होता. यंत्राच्या पोटातून कागदाचे घट्ट, तारेने आवळलेले ठोकळे बाहेर पडत होते. ग्रंथपालांनी सगळी हकीकत सांगितली: पाण्याची, चिठ्ठीची, शब्दाच्या दोन अर्थांची. रद्दीवाल्याने ती मन लावून ऐकली.

“साहेब, माझ्याकडे आला की कागद तो कागद. वाचलेला असो, नाही तर न वाचलेला.”

“मला ती पुस्तकं परत हवीत. बदल्यात भिजलेली देतो. वजनाला वजन.”

“म्हणजे पाणी तोलून घालणार माझ्या गळ्यात? वा! मी काय टँकरवाला आहे?”

ग्रंथपालांचे शिक्षण तंत्रनिकेतनात झाले होते. यंत्र दिसले की राग बाजूला ठेवून ते कसे चालते हे पाहण्याची खोड त्यांना तेव्हापासून होती. वखारीच्या कोपऱ्यात दोन माणसे चाकूने पुस्तकांचे पुठ्ठे सोलत बसलेली त्यांनी पाहिली.

“पुठ्ठा यंत्रात चालत नाही वाटतं?”

“चालत नाही. सगळे सोलावे लागतात. दोन माणसं त्यातच अडकलीत सकाळपासून, तुमच्याच कृपेनं.”

“भिजलेल्यांची खळ सुटली आहे. पुठ्ठा हाताने ओढला की निघतो. चाकूसुद्धा लागणार नाही.”

रद्दीवाल्याने टेंपोत नमुन्याला आणलेले एक फुगीर पुस्तक उचलले आणि पुठ्ठा ओढला. तो सालीसारखा सुटून आला. त्याने दुसरे उचलले. तेही सुटले.

“हे आधी नाही का सांगायचं!” तो म्हणाला. “घेऊन जा तुमची धड पुस्तकं. माझी माणसं सुटतील. फक्त सात गठ्ठे सकाळी यंत्रात गेले, त्यांचं मी काही करू शकत नाही.”

सात गठ्ठे, म्हणजे एकशे चाळीस पुस्तके. ग्रंथपाल त्या ठोकळ्यापाशी गेले. दाबलेल्या कागदांच्या थरांमधून एका पुस्तकाचा कणा बाहेर आला होता आणि त्यावर त्यांच्याच हाताने चिकटवलेला क्रमांक दिसत होता. मुलांच्या विभागातले पुस्तक. त्यांनी दोन बोटांनी ते धरून ओढून पाहिले.

“ओढू नका, साहेब, तार आहे. हात कापेल.”

त्यांनी हात मागे घेतला, आणि त्या क्रमांकाकडे पाठ करून गठ्ठे चढवायला वळले.

दिवसभर टेंपोच्या खेपा झाल्या. तिकडे भिजलेली द्यायची, इकडे कोरडी आणायची. ग्रंथालयाचे दार उघडे दिसल्यावर समोरच्या दुकानातल्या शिलाईवाल्या काकू सुतळी कापायला आपली मोठी कात्री घेऊन आल्या. त्या आठवड्याला दोन रहस्यकथा नेत आणि खुनी कोण हे पुढच्या वाचकाला आवर्जून सांगत. पाठोपाठ निवृत्त पोस्टमन आले. त्यांनी क्रमांकाप्रमाणे पुस्तके लावण्याचे काम मागून घेतले.

“क्रमांक म्हणजे पत्ताच की हो,” ते म्हणाले. “आयुष्यभर हेच केलं.” आणि चिठ्ठी गळालेले पुस्तक हाती आले की गंभीरपणे ते बाजूला ठेवत. “पत्ता अपुरा. पाठवणाऱ्याकडे परत.”

एरवी ग्रंथपालांना याचे हसू आले असते. परंतु मदतीला आलेला वाचक मदतीला न आलेल्या वाचकापेक्षा जास्त तापदायक असतो, हे त्या दिवशी त्यांना कळले. काकू एक गठ्ठा सोडत आणि वरचे पुस्तक उघडून बसत. पोस्टमन एक पुस्तक लावायला जात आणि तिथले दुसरे काढून उभ्याउभ्याच वाचू लागत.

“काकू, आपल्याला वेळ नाहीये.”

“हो हो. एवढं पान संपवते.”

“तुम्ही हे पुस्तक तीनदा नेलं आहे.”

“म्हणून तर! कुठं होते मी, ते बघतेय.”

“पोस्टमनकाका, तुम्ही पत्र पोचवताना फोडून वाचत होता का?”

“फोडून नाही,” पोस्टमन मान न उचलता म्हणाले, “पण पोस्टकार्ड कोण सोडतं?”

मंगळवारी सकाळी सगळे गठ्ठे मांडणीवर चढले, आणि ग्रंथपालांनी एकट्याने पुस्तके मोजली. मग उलट्या बाजूने पुन्हा मोजली. दोन्ही वेळा दोन हजार नऊशे सत्त्याहत्तर. यंत्रात गेलेली एकशे चाळीस वजा केली की हाच आकडा येत होता. हिशेब चोख होता, आणि तीन हजाराला तेवीस पुस्तके कमी होती.

मेहुणा मागच्या खोलीत काल टेंपोत न मावलेले भिजलेल्या पुस्तकांचे तीन गठ्ठे न्यायला आला होता. ग्रंथपालांनी त्याला आकडा सांगितला. समजावून सांगितले नाही, नुसता सांगितला. मेहुण्याचा चेहरा पडला.

“तेवीस? एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी.”

“घरून आणू का काही? ताईकडे असतील.”

“या शाखेच्या नोंदीतलीच धरतात.”

मेहुणा गठ्ठ्यावर बसला, उठला आणि त्याने सुतळी सोडून वरचे पुस्तक उघडले. “दाजी, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“विचार.”

“यात काय वाईट आहे? पानं लाटांसारखी झालीत, कबूल. पण अक्षर न् अक्षर दिसतंय. रविवारी लावताना मी मधूनमधून उघडून बघितली होती. बरीचशी चिकटून लगदा झालेली, ती सोडा. पण काही अशी होती. म्हणून तर मला संशय आला नाही. वाचता येत होती हो ती.”

“पान सपाट नाही. तिसऱ्या कसोटीत नापास.”

“कसोटी कुणाची?”

“माझी.”

“मग ती बदलायला परवानगी कुणाची काढायची?”

तीन आठवडे त्यांनी प्रत्येक पुस्तकाच्या मधल्या पानावर पट्टी ठेवून सपाटी तपासली होती. पट्टीखाली उजेड दिसला की पुस्तक बाद. पानावर काय छापले आहे आणि ते अजून वाचता येते का, हे त्या कसोटीत कुठेच विचारलेले नव्हते. अठराशे पुस्तकांतली कितीतरी अशीच, केवळ वाकडी झाली म्हणून, त्यांनी स्वतःच्या हाताने कालच्या खेपांमधून रद्दीवाल्याला दिली होती, आणि वर पुठ्ठा सहज निघतो म्हणून त्यांची शिफारसही केली होती. चूक मेहुण्याची होती तोपर्यंत राग ठेवायला जागा होती. आता तो राग हातात धरून ते खोलीच्या मध्ये उभे होते आणि ठेवावा कुठे ते कळत नव्हते.

“पट्टी दे इकडे,” ते म्हणाले.

“पुन्हा पट्टी?”

“खिशात ठेवायला. आणि खिडकी उघड. उजेडात बसू.”

दोघे तीन गठ्ठे सोडून बसले. बुरशीचा ठिपका दिसला की बाजूला. पाने चिकटलेली असली की बाजूला. उरले ते ग्रंथपाल पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या पानावर चार ओळी वाचून बघत. मेहुणा कापडाने पुठ्ठे पुसत होता. साठांपैकी सत्तावीस निघाली.

तपासनीसबाई बरोबर दोन वाजता आल्या. त्यांच्या हातात बोटाने दाबायचे छोटे मोजयंत्र होते. प्रत्येक पुस्तकाला एक टिकटिक. त्यांनी चहाला नकार दिला आणि पहिल्या मांडणीपासून सुरुवात केली. त्याच वेळी, तीन आठवडे बंद असलेले दार उघडे आहे ही बातमी गल्लीत फिरली असावी, कारण वाचक येऊ लागले.

“आज देवघेव नाही,” ग्रंथपाल दारातच हळू आवाजात सांगू लागले. “मोजणी चालू आहे. एक पुस्तक जरी बाहेर गेलं तरी आकडा कमी होतो. बाईंची सही होईपर्यंत थांबा.”

“म्हणजे ग्रंथालय चालू राहावं म्हणून पुस्तकं द्यायची नाहीत?” एक आजोबा म्हणाले.

“हो.”

“छान आहे. माझ्या डॉक्टरांचंही असंच असतं. जिवंत राहायचं तर काही खाऊ नका.”

लोक बसले. खुर्च्या संपल्यावर उभे राहिले. काकूंनी न मोजलेल्या मांडणीवरचे एक पुस्तक चाळायला घेतले आणि बोलण्याच्या नादात मोजून झालेल्या मांडणीवर ठेवले. ग्रंथपालांनी ते पुस्तक उचलून, बाईंच्या पाठीमागून चवड्यांवर चालत, परत जागेवर नेऊन ठेवले. दोन मिनिटांनी एका तरुण आईने नेमके उलटे केले; तेही पुस्तक त्यांनी तसेच परत नेऊन ठेवले. तेव्हा मोजून झालेल्या भागापुढे पोस्टमन हात पसरून उभे राहिले. “पुढे टपाल नाही,” ते प्रत्येकाला सांगत होते.

शेवटच्या मांडणीपाशी तपासनीसबाई थांबल्या. “ही सत्तावीस?”

“ही भिजली होती, मॅडम. आता कोरडी आहेत.”

“पानं वाकडी आहेत.”

“आहेत. वाचता येतात.”

“नियमात ‘वापरण्याजोगी’ लिहिलंय. याला वापरण्याजोगं म्हणायचं का, हे कोणी ठरवलं?”

“मी. आज सकाळी. त्याआधी मीच यांना बाद ठरवलं होतं,” ग्रंथपाल म्हणाले. आपण हे का सांगत आहोत असे त्यांचे त्यांनाच वाटले. मेहुणा तर मागे डोळे मोठे करून खुणा करत होता. “तेव्हा मी पानं किती सपाट आहेत ते मोजत होतो.”

बाईंनी एक जाड, फुगलेले पुस्तक काढून त्यांच्या हातात दिले. “मधलं कुठलंही पान. वाचून दाखवा.”

पानाचा आवाज पापडासारखा कुरकुरीत आला. ग्रंथपालांनी घसा साफ केला. गेल्या तीस वर्षांत या खोलीत त्यांनी मोठ्याने उच्चारलेला शब्द एकच होता, ‘शांतता’. ते वाचू लागले. एका बोटीवर दिवे लावणारा माणूस रोज संध्याकाळी सगळे दिवे लावी आणि एक मुद्दाम विसरे. कप्तानाने कारण विचारले. तो म्हणाला, त्या खोलीत कोणी तरी राहते आणि त्याला अंधार लागतो. कप्तान म्हणाला, ती खोली तर वर्षभर रिकामी आहे. दिवेवाल्याने किल्ली काढली, दाराला लावली, आणि दार आतून

पान संपले. पुढचे पान उलटायच्या आत बाईंनी हात वर केला.

“पुरे. वाचता येतं.”

“दार आतून काय?” आजोबांनी विचारले.

“बंद असणार,” काकू म्हणाल्या. “मला ठाऊक आहे आत कोण आहे.”

“काकू, तोंड मिटा!” तीन-चार आवाज एकदम आले.

“शांतता,” ग्रंथपाल सवयीने म्हणाले.

तपासनीसबाईंनी सत्तावीस वेळा टिकटिक केली, यंत्रावरचा आकडा वाचला आणि लिहून घेतला: तीन हजार चार. शाखा कायम. चार वाजून पाच मिनिटांनी त्यांनी सही केली, आपली पिशवी उचलली, आणि दारापाशी अडखळल्यासारख्या होऊन विचारले, “ते बोटीचं पुस्तक दुसऱ्या शाखेत असेल का?”

“बघावं लागेल, मॅडम. इथलं मात्र आता आजोबांनी धरून ठेवलंय.”

खरोखरच आजोबांनी ते छातीशी धरले होते. त्यांच्यामागे काकू, काकूंच्या मागे तरुण आई, आणि तिथून रांग दाराबाहेर गेली होती. सगळ्यांना सगळे आत्ताच हवे होते. कोणाला नाव आठवत नव्हते, फक्त निळा पुठ्ठा आठवत होता. कोणी कार्ड आणले नव्हते. कोणी तीन आठवडे उशिरा आणलेल्या पुस्तकाबद्दल, तुमचेच दार बंद होते तर दंड कसला, असा वाद घालत होते. ग्रंथपालांचा पेन चालेना म्हणून मेहुण्याने आपला दिला.

“दाजी, नावं मी सांगू का? तुम्ही लिहा.”

“तू शिक्के मार. सरळ मार. आणि काही समजलं नाही तर विचार.”

“व्याकरण नाही ना काढणार?”

“काढीन. तरी विचार.”

सहा वाजता दार बंद केले तेव्हा मांडणीवर दोन हजार नऊशे एकसष्ट पुस्तके उरली होती.